सदतीस घोड्यांची शिरगणती

मराठीच्या प्राध्यापकाकडे मोटार असणे ही गोष्ट आता आमच्या घाटंजीत कोणालाच नवलाची वाटत नाही. नवल वाटते ते एवढ्याचेच, की या प्राध्यापकाला आपल्या मोटारीविषयी चार शब्द बोलता येऊ लागले आहेत, आणि ते चारही शब्द बरोबर असतात. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी यंत्रविषयक योग्यता ठाऊक आहेच. मागे मिक्सरचे भांडे उलटे बसवून मी घरातील फ्यूज घालवला होता, ती हकीगत याच सदरात येऊन गेली. तेव्हा आज मी गाडीच्या इंजिनाची अश्वशक्ती घरच्या घरी कशी मोजावी हे सांगणार आहे, असे म्हटले तर वाचक पान उलटण्याचा संभव आहे. त्यांनी थोडे थांबावे. मोजणारा मी नव्हे. मी फक्त गाडी चालवली, आणि तीही सांगितली तशी.

गाडी म्हणजे मारुती आठशे. वडिलांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर, २००९ साली, फंडाच्या पैशातून घेतली. आयुष्यभर सायकलवर शाळा गाठलेल्या मास्तरांनी साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकण्याचे मनावर घेतले, तेव्हा वाघाडीच्या पुलावर त्यांना पाहून लोक रस्त्याच्या कडेला आदराने उभे राहत. आदर किती आणि भीती किती, हे मी कधी विचारले नाही. वडील गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षे झाली तेव्हा नोंदणी पुढे चालू ठेवावी की गाडी भंगारात द्यावी, असा प्रश्न निघाला होता. आई एवढेच म्हणाली, "त्यांची गाडी आहे. माझ्या डोळ्यांदेखत तुकडे नको." मी मुकाट्याने यवतमाळला जाऊन नोंदणी वाढवून आणली.

यंदाच्या पावसाळ्यानंतर मात्र गाडीचे काहीतरी बिनसले. चौघे बसलो की चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागे. पूर्वी लिटरला अठरा किलोमीटर जाणारी गाडी तेरावर आली. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा यवतमाळला न्यावे लागते. वाटेतल्या चढावर ती देवाचे नाव घेई आणि मी पेट्रोलच्या काट्याकडे पाही. अखेर गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू करून दोनदा डरकाळी फोडायला लावले, कान तिरपा केला आणि निकाल दिला.

"सर, इंजन बसलं. याच्यात आता दम नाही राह्यला. खोलाच लागते."

"किती येईल खर्च?"

"अठ्ठावीस हजार पकडून चाला. वरचं काही निघालं त वेगळं."

अठ्ठावीस हजार! नेमकी तेवढीच रक्कम मी कन्येच्या पुढच्या वर्षाच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेली. ती यंदा बारावीला आहे. पुढे तिने काय करावे, यावर घरात तीन मते आहेत. आई म्हणते, मास्तरीण व्हावे. आमच्या सौ. म्हणतात, बँकेची परीक्षा द्यावी. मला वाटे, तिने मराठी घ्यावे. निदान घरातली पुस्तके तरी कोणी उघडील. कन्येचे स्वतःचे मत यंत्र-अभियांत्रिकीचे. पण त्या मताला घरात अजून मतदानाचा हक्क मिळाला नव्हता.

रात्री जेवताना मी मिस्त्रींचा निकाल वाचून दाखवला. सौ. म्हणाल्या, "मग विकून टाका." आईचा घास हातातच राहिला. कन्या मात्र वरणात भात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, दम गेला म्हणजे किती गेला?"

"किती म्हणजे? गेला."

"असं नाही चालत. ताप आला म्हटलं तर आपण थर्मामीटर लावतो ना? दम मोजायचा. किती होता, किती उरला, ते पाहायचं. मग अठ्ठावीस हजार द्यायचे का नाही ते ठरवायचं."

मी भाषेचा माणूस. मला त्या 'दम' शब्दातच अडकायला झाले. आपल्या बोलीत जोर, दम आणि शक्ती हे शब्द एकाच बैलाला जुंपलेले असतात. पदार्थविज्ञानात त्यांच्या तीन वेगळ्या जोड्या आहेत. ढकलण्याचा जोर म्हणजे बल. साठवणीतली शिदोरी म्हणजे ऊर्जा. आणि ती शिदोरी किती वेगाने खर्ची पडते, ती शक्ती. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची शकुंतला रेल्वे वाचकांपैकी काहींना आठवत असेल. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली निवृत्त झाले, मग डिझेलचे आले, आणि आता ती गाडीच बंद आहे. त्या वाफेच्या इंजिनाला जोर दांडगा होता; घाई मात्र अजिबात नव्हती. तेच ओझे तेवढ्याच अंतरावर अर्ध्या वेळात नेले, तर काम तेवढेच होते, शक्ती मात्र दुप्पट लागते. म्हणजे शक्ती मोजायची तर घड्याळ हवेच. एवढी एक गोष्ट समजली, की बाकीचे सारे हिशेबाचे काम.

'अश्वशक्ती' हा शब्द ज्याच्यामुळे आपल्या मानगुटीवर बसला, तो जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा मोठा व्यवहारी माणूस. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला आपली वाफेची इंजिने विकायची होती, आणि गिऱ्हाइके विचारीत, 'हे किती घोड्यांचे काम करील?' त्याने गिरणीच्या चक्राला जुंपलेल्या घोड्याचा हिशेब मांडला. घोडा बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे घालतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे धरून त्याने उत्तर काढले आणि ते सोयीसाठी मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे गोल केले. आपल्या मापात सांगायचे तर ७६ किलोंचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलणे, म्हणजे एक अश्वशक्ती. पुढे जगाने वॅटच्याच नावाचे माप केले आणि एका घोड्याचे ७४६ वॅट झाले. हा वॅट आमच्या वऱ्हाडात जन्मला असता, तर जगाने आज 'बैलशक्ती' म्हटले असते आणि पोळ्याच्या दिवशी मोटारींच्याही शिंगांना बेगड लागली असती. समजा, दीडशे लिटरची मोट बैलजोडीने दहा मीटर खोल विहिरीतून अर्ध्या मिनिटात वर आणली, तर हिशेब येतो ४९० वॅटचा. म्हणजे दोन बैल मिळून दोन-तृतीयांश घोडा! वॅटसाहेबांनी घोडा जरा तगडाच धरला होता, हे यावरून दिसते.

आणि हा घोडा आता परका राहिलेला नाही. आमच्या भागातला शेतकरी तीन, पाच आणि साडेसात हॉर्सपॉवर हे आकडे पोरांच्या वयांइतके सहज सांगतो. २०२४ साली सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, तीही साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या. ज्या घोड्यांवर सरकारचे हिशेब चालतात, ते आपल्याला मोजता येऊ नयेत, हे काही बरे नव्हे.

कन्येने पहिला प्रयोग घरातच केला, म्हणाली, "आधी पद्धत पटली पाहिजे." आमच्या घराच्या गच्चीला चोवीस पायऱ्या आहेत. तिने टेपने एक पायरी मोजली, ती सतरा सेंटिमीटर निघाली. म्हणजे एकूण चढ चार मीटर आठ सेंटिमीटर. मग फोनमधले घड्याळ लावून तिने एकेकाला वर पिटाळले. वजन किलोत घ्यायचे, त्याला ९.८ ने गुणायचे, मग चढाच्या मीटरांनी गुणायचे, आणि लागलेल्या सेकंदांनी भागायचे. उत्तर वॅटमध्ये येते. त्याला ७४६ ने भागले की घोडे. मी ७२ किलोंचा. मला वर पोहोचायला आठ सेकंद लागले. उत्तर ३६० वॅट, म्हणजे घोड्याचे शंभर भाग केले तर अठ्ठेचाळीस. आमच्या सौ. ५८ किलोंच्या, त्यांना सहा सेकंद, बावन्न भाग. कन्या ५० किलोंची, चार सेकंद, सदुसष्ट भाग. तात्पर्य, मी अर्धा घोडाही भरलो नाही, आणि सौभाग्यवती अर्ध्याहून अधिक भरल्या. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होते. त्या दिवशी दोन दशांश स्थळांपर्यंत कळले.

गाडीचे मोजायचे, तर गाडीला जिना चढवता येत नाही. मोठ्या प्रयोगशाळांतून यासाठी डायनामोमीटर नावाचे यंत्र असते. त्याचा पूर्वज प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली काढला. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांची पकड घालायची, पकडीला लांब दांडी लावायची, आणि ती दांडी स्थिर राखायला टोकाशी किती वजन टांगावे लागते ते पाहायचे. पुण्यात १९६६ साली मोटारउद्योगासाठी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था निघाली. तेथे असल्या तपासण्या रीतसर होतात. पण घाटंजीहून पुण्याला गाडी नेण्यात जेवढे पेट्रोल जाईल, तेवढ्यात आमचा दसरा झाला असता. कन्या म्हणाली, "आपल्याला ब्रेक नको. गाडीचं स्वतःचं वजन हेच आपलं ओझं."

युक्ती अशी. जड वस्तूला वेग द्यायला काम करावे लागते. किती, ते वजन आणि वेग यांवरून अचूक काढता येते: वजनाचे अर्धे करायचे, आणि त्याला शेवटच्या व पहिल्या वेगांच्या वर्गांतील फरकाने गुणायचे. वेग मात्र सेकंदाला किती मीटर, असा घ्यायचा. तो वेग यायला किती सेकंद लागले ते मोजले, की शक्ती हाती येते. आमच्याकडच्या शंकरपटाचेच हे भावंड. तेथेही एकेक बैलजोडी सरळ धावपट्टीवर सोडतात आणि सेकंदाच्या बारीक भागांपर्यंत वेळ घेतात. २०१४ साली न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली होती. पुढे २०२३ साली घटनापीठाने नियमांसह त्यांना मान्यता दिली. शंकरपटात कोणी छकड्याचे वजन करीत नाही, म्हणून जोडीचा वेग कळतो, शक्ती कळत नाही. आम्ही वजनही करणार होतो.

साहित्याची यादी सांगतो, म्हणजे वाचकांना धीर येईल: जिनिंगजवळचा धरमकाटा, व्हिडिओ घेणारा कोणताही फोन, टायरची हवा मोजायचे छोटे यंत्र, वही, पेन्सिल आणि कपाळाच्या टिकल्यांचे एक पाकीट.

कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या होत्या, म्हणून काटा मोकळा होता. आम्ही दोघे गाडीत बसलेलेच राहिलो, कारण प्रयोगाच्या वेळीही आम्ही दोघेच असणार होतो. आकडा आला ७९० किलो. काटेवाल्याने खिडकीतून वाकून विचारले, "सर, माल काय हाय?" मी म्हणालो, "एक प्राध्यापक आणि एक विद्यार्थिनी." त्याने पावतीवर 'रिकामी' असे लिहून दिले.

टिकल्यांचे काम पुढे आले. गाडीचा वेगाचा काटा बहुधा खऱ्यापेक्षा थोडा अधिक वेग दाखवतो. कन्येने फोनवरच्या उपग्रहाच्या वेगाशी तो ताडून पाहिला. खरे चाळीस असताना काटा त्रेचाळीसवर, आणि खरे साठ असताना चौसष्टवर होता. त्या दोन जागी तिने काचेवर दोन लाल टिकल्या लावल्या. डॅशबोर्डला असे सौभाग्यलेणे चढलेले पाहून सौ. म्हणाल्या, "माझ्या टिकल्या परत द्या म्हणजे झालं."

रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, पारव्याच्या बाजूचा एक सरळ आणि सपाट तुकडा आम्ही निवडला. येथे एक गोष्ट बजावून सांगतो. चालवणाऱ्याने फक्त चालवावे. घड्याळ, फोन आणि वही यांना हात लावू नये. पट्टा आवळलेला हवा, मागेपुढे चिटपाखरू नसावे, आणि साठाच्या पुढे जाण्याचे कारणच नाही. आमच्याकडे दुसरा गिअर निवडला, कारण त्या वेगाला आठशेचे इंजिन आपल्या पूर्ण शक्तीच्या आसपास फिरत असते. तीसवर गाडी धरायची, मग पाय पूर्ण दाबायचा. कन्या शेजारून काट्याचा व्हिडिओ घेणार. इंजिनाने असा काही टाहो फोडला, की बांधावरच्या टिटव्या उडाल्या. हेच आम्ही तीनदा जाताना केले आणि तीनदा येताना. दोन्ही दिशांनी का? तर रस्ता डोळ्याला सपाट दिसला तरी कोठेतरी कललेला असतो, आणि वारा कोणाच्या तरी बाजूने असतोच. जाताना त्याने दिलेली मदत येताना तो परत घेतो. सरासरीत दोघांचा पक्षपात फिटतो.

घरी येऊन तिने व्हिडिओ एकेका चित्राने पुढे सरकवला. सेकंदाला तीस चित्रे असतात. पहिल्या टिकलीपासून दुसरीपर्यंत सरासरी १२६ चित्रे भरली, म्हणजे ४.२ सेकंद. हातातल्या घड्याळाने एवढी बारीक मोजणी होत नाही. अंगठा दाबण्यातच पाव सेकंद जातो.

आता हिशेब. चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, साठचा १६.७. त्यांच्या वर्गांतील फरक सुमारे १५४. वजनाचे अर्धे ३९५. गुणाकार जवळजवळ ६१ हजार ज्यूल. त्याला ४.२ ने भागले, तर साडेचौदा हजार वॅट. म्हणजे साडेएकोणीस घोडे.

गाडीच्या पुस्तकात छापले होते सदतीस. मी वही मिटली. "मिस्त्री बरोबर होते," मी म्हणालो. "निम्मे घोडे मेले." आतल्या खोलीतून आईचे कण्हणे ऐकू आले की तो माझाच भास होता, कोण जाणे.

"थांबा ना बाबा," कन्या म्हणाली. "अर्धाच प्रयोग झालाय. हे साडेएकोणीस फक्त वेग वाढवायला लागले. वारा कापायला, चाकं फिरवायला किती गेले, ते कुठं मोजलं?"

दुसऱ्या पहाटे पुन्हा त्याच तुकड्यावर. या वेळी उलटे काम. गाडी साठाच्या थोडी पुढे नेऊन न्यूट्रल करायची आणि पाय बाजूला घेऊन स्वस्थ बसायचे. गाडी आपोआप मंद होत जाते. दुसऱ्या टिकलीपासून पहिलीवर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. मघाचे तेच ६१ हजार ज्यूल आता वारा आणि चाके मिळून खाणार; किती वेगाने खातात, तेवढी त्यांची भूक.

सरासरी आली चौदा सेकंद. ६१ हजार भागिले चौदा, म्हणजे जवळजवळ सहा घोडे, नेमके ५.८. ते मघाच्या साडेएकोणीसात मिळवले, की चाकांपाशी सव्वापंचवीस. वेग वाढताना गाडीबरोबर चाके, दांडे आणि इंजिनाचे जड चक्र यांनाही फिरवावे लागते. त्यांचे ढोबळमानाने दोन घोडे. आणि इंजिनापासून चाकांपर्यंत येताना दात्यांच्या घर्षणात दहा-पंधरा टक्के जातात. सारे धरून इंजिनाची बेरीज एकतीसच्या घरात गेली. पंधरा वर्षे उलटलेल्या इंजिनाने सदतीसपैकी एकतीस घोडे तबेल्यात राखले होते! आम्हा मास्तरांच्या भाषेत, चौऱ्याऐंशी टक्के. विशेष प्रावीण्य.

"मग गाडी चढत का नाही?" मी विचारले.

"चौदा सेकंद," ती म्हणाली. "एवढी हलकी गाडी इतक्या लवकर थांबायला नको. कोणीतरी तिला मागून धरून ठेवलंय."

ती उठली, अंगणात गेली आणि चारी चाकांपाशी एकेक करून हात नेऊ लागली. आम्ही नुकतेच परत आलो होतो. मागच्या डाव्या चाकापाशी तिने हात झटकन मागे घेतला. मग तांब्यातले चार थेंब तिने दुरून आतल्या ड्रमवर शिंपडले. तव्यावर पाणी पडावे तसा चर्र आवाज झाला.

उलगडा होण्यास वेळ लागला नाही, आणि त्यातला आरोपी मीच निघालो. पावसाळ्यात गाडी तीन आठवडे उभी होती. आमच्या अंगणाला थोडा उतार आहे, आणि गाडी आपली आपण निघून जाईल या भीतीने मी हँडब्रेक सारे बळ लावून ओढून ठेवत असे. ओलीत त्याची तार आवरणातच गंजून अडकली. आत दांडी खाली पडे, मला वाटे ब्रेक सुटला. डावे चाक मात्र तेव्हापासून पुरते सुटलेच नव्हते. मी गेले दीड-दोन महिने ब्रेक लावून गाडी चालवीत होतो आणि गाडीला म्हातारी म्हणत होतो. त्यातच चारी टायरांत हवा पुस्तकात सांगितल्यापेक्षा सात-आठ पौंडांनी कमी. मऊ टायर रस्त्यावर पसरतो, प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि उलगडतो, आणि त्या कसरतीत पेट्रोल तापून उडून जाते.

गाडी पुन्हा मिस्त्रींकडे नेली. कन्येने वहीतले आकडे त्यांच्यापुढे ठेवले. मला वाटले, ते रागावतील. त्यांनी आकड्यांकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि न बोलता जॅक लावून मागचे डावे चाक हाताने फिरवले. ते फिरता फिरेना.

"बरोबर हाय बाई," ते म्हणाले. "म्या इंजनच पाह्यलं. गिऱ्हाइक म्हनते दम नाही, मंग आपन इंजनच पाह्यतो. चाक कोन पाह्यते?"

त्यांचेही चुकले असे मला म्हणवत नाही. कविता न कळली की आम्हीही विद्यार्थ्याचे डोकेच तपासतो. छपाईची चूक कोण पाहतो? नवी तार, ब्रेकची साफसफाई आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झाले. मिस्त्रींनी कन्येला शेजारी उभे करून ड्रम कसा उघडतात ते दाखवले, आणि तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच रस्ता, त्याच टिकल्या. न्यूट्रलमध्ये मंद व्हायला गाडीने चौदाऐवजी चोवीस सेकंद घेतले. सहा घोड्यांची भूक साडेतीनांच्या आत आली. वेग घ्यायला ४.२ ऐवजी ३.७ सेकंद. म्हणजे बावीस घोडे वेगाला आणि साडेतीन वाऱ्याला, बेरीज साडेपंचवीस. मागच्या खेपेला सव्वापंचवीस आली होती. कन्या त्या दोन आकड्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मी म्हणालो, "फरक तर काहीच नाही!" ती म्हणाली, "तेच तर. इंजिनाला आपण हातच लावला नाही ना? मग त्याचा आकडा बदलायलाच नको. मोजणी बरोबर आहे, बाबा."

मी तेवीस वर्षे शिकवतो आहे. विद्यार्थ्याचा चेहरा एखाद्या ओळीशी असा थबकलेला फार थोड्या वेळा पाहायला मिळतो. तो माझ्या घरात, एका बेरजेपुढे दिसला. हिने मराठी घ्यावे असे मला का वाटत होते? तिला कोठेतरी असा आनंद मिळावा, एवढ्यासाठीच ना? तो तिला मिळाला होता. ठिकाण फक्त माझे नव्हते.

दसऱ्याच्या आधी आम्ही चौघे यवतमाळला जाऊन आलो. चढ आला तेव्हा आईने सवयीने देवाचे नाव घ्यायला सुरुवात केली, पण नाव पुरे होण्याआधीच चढ संपला. लिटरला किती पडले, ते येताना पुन्हा टाकी भरून पाहिले; सतराच्या वर गेले. अठ्ठावीस हजार होते तेथेच आहेत, आणि ज्यासाठी ठेवले होते त्यालाच जातील. घरातल्या तीन मतांपैकी एक मी जाहीरपणे मागे घेतले आहे. आईचे मत दसऱ्याला बदलले. गाडीच्या पूजेचे तबक तिने माझ्या हाती न देता नातीच्या हाती दिले, आणि म्हणाली, "तूच कर. तुला तिचं दुखणं कळलं." सौ. अजून बँकेच्या परीक्षेचे नाव काढतात. परंतु पूर्वीच्या जोराने नव्हे. आवाजातली ही घट मोजण्याचे यंत्र माझ्यापाशी नाही.

मिस्त्रींनी परवा एक जीपवाला आमच्या घरी धाडला. "बाईंकडून मोजून आना, मंग खोलू," असा निरोप होता. काटेवालाही आता पावतीवर 'रिकामी' लिहीत नाही. 'प्रयोग' असे लिहितो.

वाचकांपाशी गाडी असो वा नसो, जिना बहुतेकांच्या घरी असतोच. दिवाळीच्या सुटीत, फराळाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, आपापली अश्वशक्ती अवश्य मोजून पाहावी. गाडी असेल त्यांनी लांब फिरून आल्यावर चारी चाकांजवळ हात नेऊन पाहावा. त्याला काहीच खर्च नाही. फक्त पतीपत्नींनी जिन्याची मोजणी एकाच दिवशी करू नये, एवढी एक सूचना स्वानुभवावरून करतो. कोण किती घोडे भरले, हे वर्षभर ऐकावे लागते.